ऑटोफोकस होत नाहीये? ‘लेन्स गेली’ म्हणण्याआधी हे तपासा

शटरचं बटण अर्धं दाबलं आणि काहीच झालं नाही. ना बीप, ना हिरवा चौकोन, ना लेन्सच्या पोटातली ती ओळखीची घरघर. अशा वेळी पहिला विचार येतो तो ‘लेन्स गेली’ हाच. माझ्याही मनात तोच आला होता. मित्राची मॅक्रो लेन्स मागून आणली होती. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव टिपायचं म्हणून पहाटे उठलो, तर ही बया जवळच्या कशावरही फोकस करेना. तासभर कॉन्टॅक्ट (लेन्स आणि बॉडी यांना जोडणारे धातूचे ठिपके) पुसले, बॅटरी बदलली, कॅमेरा तीन-चारदा बंद-चालू केला. मित्राला आता काय सांगायचं, याची वाक्यंसुद्धा जुळवून झाली. मग लेन्स उचलताना कडेच्या एका बारक्या स्विचवर अंगठा गेला. फोकस लिमिटर. तो ‘०.५ मीटर ते अनंत’ यावर होता, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आत बघायचंच नाही असा लेन्सला हुकूम होता. स्विच सरकवला, फोकस झाला. दव तोवर वाळून गेलं होतं.

तेव्हापासून एक ठरवून टाकलंय: दोष कोणाकडे आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही. फोकस होण्यात लेन्सची मोटर, बॉडीतला सेन्सर, दोघांमधले कॉन्टॅक्ट, सेटिंग आणि समोरचं दृश्य, इतक्यांचा हात असतो. खाली दिलेला क्रम फुकटात होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि सर्व्हिस सेंटरपाशी संपतो. बहुतेक लोक अर्ध्या वाटेतच सुटतात.

आधी नीट बघा आणि ऐका

एक साधी चाचणी लावा. दिवसा खिडकीजवळ, मोठ्या ठळक अक्षरांचा छापील कागद भिंतीला चिकटवा आणि दोन-तीन मीटर लांब उभे राहा. फिल्टर, लेन्सचा आवाका वाढवणारा टेलिकन्व्हर्टर, जवळून टिपण्यासाठीची एक्स्टेन्शन ट्यूब असं जे काही लावलं असेल ते काढून ठेवा. फोकस मोड ‘सिंगल’ आणि फोकस पॉइंट मधला एकच. आता बटण अर्धं दाबून दोन सेकंद धरा, लेन्स कानाजवळ असू द्या.

काहीच हाललं नाही, तर हुकूम लेन्सपर्यंत पोहोचत नाही किंवा मोटर चालत नाही. लेन्स पुढे-मागे धावते पण थांबत नाही, म्हणजे आपण ज्याला ‘हंट करते’ म्हणतो ते होत असेल, तर मोटर जिवंत आहे. कॅमेऱ्यालाच नीट दिसत नाहीये. फोकस लॉक होतो पण फोटो मऊ, म्हणजे बिनधारेचा, येतो, तर ते तिसरंच दुखणं आहे, त्याचं शेवटाकडे बघू. आणि करकर, टकटक किंवा चिरका आवाज आला तर बटण सोडा आणि थेट मोटरच्या भागाकडे जा. अशी लेन्स पुन्हा पुन्हा दाबून बघण्यात शहाणपण नाही.

नव्या लेन्सच्या स्टेपिंग आणि लिनिअर मोटरी इतक्या मुक्या असतात की कानाला काही कळत नाही. अशा लेन्सवर आवाजाऐवजी स्क्रीनवरचं चित्र बघा, ते जरासुद्धा हललं का.

कागदावर फोकस छान झाला, तर मग लेन्स ठणठणीत आहे. तुम्हाला त्रास झाला तो प्रसंग आठवा आणि ‘अंतर आणि उजेड’ हा भाग वाचा.

स्विच आणि सेटिंग

लेन्सवरचा एएफ-एमएफ (ऑटो-मॅन्युअल फोकस) स्विच बॅगेतून काढताना घासून सरकतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे त्यात फसतात. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरना (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांना) लेन्सव्यतिरिक्त बॉडीवरही, माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) शेजारी, असाच एक स्विच असतो. दोन्ही एएफवर हवेत. काही लेन्सवर स्विचच नसतो, तिथे मेनूत बघावं लागतं. त्याहून फसवा प्रकार म्हणजे सरकणारी फोकस रिंग. ऑलिंपसच्या काही प्रो लेन्स आणि टोकिनाच्या काही वाइड लेन्स यांची रिंगच मागे ओढली की मॅन्युअल होते. लेन्स पकडताना ती नकळत ओढली जाते, आणि माणूस मेनू धुंडाळत बसतो.

घडी होणारी किट लेन्स असेल तर ती उघडली आहे का? झूम रिंग फिरवून लेन्स बाहेर काढल्याशिवाय हे कॅमेरे काम करत नाहीत. बहुतेक कॅमेरे स्क्रीनवर तसं सांगतातही.

यानंतर बॅक-बटण फोकस. कॅमेरा सेकंडहँड घेतला असेल किंवा मध्यंतरी कोणाला वापरायला दिला असेल, तर माझा पहिला संशय इथेच जातो. अनेक अनुभवी फोटोग्राफर शटर बटणावरचा फोकस बंद करून तो मागच्या ‘एएफ-ऑन’ बटणावर ठेवतात. त्यांचा कॅमेरा तुमच्या हातात आला की शटर अर्धं दाबून काहीच होत नाही. मागचं बटण दाबून बघा. फोकस झाला तर कॅमेरा धडधाकट आहे, मेनूत जाऊन शटर बटणाला त्याचं काम परत द्या.

फोकस पॉइंट कोपऱ्यात जाऊन बसला आहे का, हेही पाहा. टचस्क्रीनला नाक लागून पॉइंट पळतो, ही गंमत नाही, खरंच होतं.

एवढं करून उमगलं नाही तर सेटिंग रिसेट करा. त्याआधी स्वतःच्या सेटिंगचे मेनू फोनवर टिपून ठेवा, नाहीतर फोकस मिळेल आणि बाकी सगळं हरवेल.

अंतर आणि उजेड

प्रत्येक लेन्सला जवळ येण्याची एक मर्यादा असते. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ एसटीएमची ३५ सेंटिमीटर आहे, निकॉनच्या एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जीची ४५ सेंटिमीटर. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजत नाहीत, सेन्सरपासून मोजतात. बॉडीच्या वरच्या बाजूला वर्तुळातून रेघ गेलेली एक बारकी खूण असते, तिथे सेन्सर आहे असं समजा. ‘हंट करते’ अशी तक्रार असली की मी आधी दोन पावलं मागे जाऊन बघतो. मॅक्रो आणि टेलिफोटो लेन्सवर लिमिटरही असतो; कॅननच्या ७०-२०० एफ/२.८ आयएस दुसऱ्या आवृत्तीवर १.२ मीटर आणि २.५ मीटर अशा दोन जागा आहेत. दोन मीटरवरचं पाखरू फोकस होत नसेल तर लेन्सला शिव्या घालण्याआधी हा स्विच बघा.

ऑटोफोकसला उजेडाइतकाच कॉन्ट्रास्ट लागतो. कोरी भिंत, ढगाळ आभाळ, धुकं, काळ्या कोटाची पाठ यांच्यावर पकडायला त्याला काहीच मिळत नाही. त्याच अंतरावरची एखादी कड शोधा, जसं कोटाचं बटण किंवा कॉलर, तिथे फोकस लॉक करा आणि मग फ्रेम बदला. अनेक फोकस सेन्सर एकाच दिशेच्या रेघा बघू शकतात. आडव्या पट्ट्यांच्या पडद्यावर अडणारा कॅमेरा जरा तिरका धरला की पटकन फोकस घेतो. करून बघाच, मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) हा फरक चांगला जाणवतो. जाळी, काच, पिंजऱ्याच्या सळया मध्ये असतील तर कॅमेरा त्यांनाच धरतो. पॉइंट लहान करा, लेन्स जाळीला शक्य तितकी चिकटवा.

अंधारात बहुतेक कॅमेरे फोकससाठी मदतीचा दिवा लावतात. तो मेनूतून बंद असू शकतो, लेन्स हुड आडवा येऊ शकतो. कंटिन्युअस मोडमध्ये तर बऱ्याच कॅमेऱ्यांचा हा दिवा लागतच नाही. अंधारात सिंगल मोड बरा, तो यासाठीच.

आता अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक (एफचा आकडा लहान तितकं ते मोठं). डीएसएलआरचे फोकस सेन्सर साधारणपणे एफ/५.६ पर्यंत उघडणाऱ्या लेन्ससाठी केलेले असतात. मोजक्या बॉडींचा मधला पॉइंट एफ/८ वर चालतो. कॅननच्या ५डी मार्क ३ ला ही सोय २०१३ मध्ये फर्मवेअरमधून (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून) मिळाली. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप खातो, म्हणजे उजेड निम्मा करतो, २ पटीचा दोन. एफ/५.६ च्या लेन्सला १.४ पटीचा लावला की झाली ती एफ/८, आणि ऑटोफोकस गप्प. इथे काहीही बिघडलेलं नसतं. मिररलेसला ही अडचण फारशी येत नाही. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमीच्या लेन्स चक्क एफ/११ वर आणल्या आणि त्या ऑटोफोकस होतात. काही मिररलेस कॅमेरे मात्र तुम्ही निवडलेल्या अॅपर्चरवरच फोकस करतात, त्यामुळे कमी उजेडात एफ/११ ठेवलं तर ते चाचपडतात. अॅपर्चर उघडून बघा.

फिल्टरच्या बाबतीत दोनच गोष्टी. जुना लिनिअर पोलरायझर डीएसएलआरच्या अर्धपारदर्शक आरशामुळे फोकसला गोंधळवतो, सर्क्युलर घ्या. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर उजेडाचा जेमतेम हजारावा भाग आत सोडतो. तो लावण्याआधी फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा.

या दोघांचं जमतं का?

नवी किंवा जुनी लेन्स घेतल्यावर पहिल्या दिवसापासूनच ऑटोफोकस नसेल, तर बिघाड शोधू नका, पत्रिका बघा.

मिनोल्टाने १९८५ मध्ये ७००० हा ऑटोफोकस एसएलआर आणला तेव्हा मोटर बॉडीत होती आणि एका स्क्रूने ती लेन्स फिरवायची. निकॉननेही तीच वाट धरली. कॅननने १९८७ मध्ये ईओएस काढताना मोटर प्रत्येक लेन्समध्येच बसवली, माउंटही नवं केलं. जुन्या एफडी लेन्सवाल्यांना ते झोंबलं, पण ईएफ लेन्स आणि ईओएस एसएलआर या जोडीत मोटरचा प्रश्न त्यानंतर कधी आला नाही.

निकॉनवाल्यांना तो आजही येतो. २००६ च्या डी४० पासून निकॉनने सुरुवातीच्या बॉडींमधली मोटर काढून टाकली. डी३००० आणि डी५००० या मालिकांत ती नाही. स्वस्तात मिळालेली ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ लेन्स त्यांच्यावर फोटो काढते, पण फोकस हाताने. त्यांना ‘एएफ-एस’ किंवा, बॉडी त्यातली नवी असेल तर, ‘एएफ-पी’ लेन्स हवी. (एएफ-एस हे लेन्सच्या प्रकाराचंही नाव आणि सिंगल फोकस मोडचंही. हा घोळ निकॉनचाच.) याच्या उलटही होतं: एएफ-पी लेन्स डी९० सारख्या जुन्या बॉडीवर ऑटोफोकस करत नाही. निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अॅडॉप्टरने जुनी एएफ-डी लेन्स लावली तरी तेच, कारण त्या अॅडॉप्टरमध्ये मोटर नाही. सोनीचा एलए-ईए३ अॅडॉप्टर आणि स्क्रूवाली ए-माउंट लेन्स, तीच कथा.

मोटरवाल्या निकॉन बॉडीवर स्क्रूची लेन्स अडली तर लेन्स काढून माउंटच्या कडेला बघा. स्विच एएफवर असताना एक लहान पातं वर आलेलं दिसलं पाहिजे, एमएफवर ते आत जातं. वर येतच नसेल तर दोष बॉडीत आहे.

इतर कंपन्यांच्या लेन्स नव्या बॉडीवर अडखळल्या तर फर्मवेअर बघा. सिग्माच्या बऱ्याच लेन्सना यूएसबी डॉकने आणि टॅमरॉनच्या काहींना टॅप-इन कन्सोलने नवं फर्मवेअर घालता येतं. बॉडीचं फर्मवेअरही त्याच बैठकीत उरका, बॅटरी पूर्ण भरलेली असताना.

कॉन्टॅक्ट पुसणं

हे काम सगळे घाईत करतात, म्हणून इथे जरा थांबू.

कॅमेरा बंद करा. लेन्स काढण्याआधी तीच किंचित उलटी फिरवून पुन्हा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. नुसती नीट न बसलेली लेन्ससुद्धा फोकस करत नाही, आणि या घासण्यानेच कधीकधी काम होऊन जातं. नाही झालं तर लेन्स काढा आणि बॉडीचं तोंड खाली धरा, म्हणजे धूळ आत पडणार नाही.

लेन्सच्या मागच्या कडेला सोनेरी ठिपक्यांची रांग दिसेल. दिव्याखाली तिरकी धरून बघा. निरोगी ठिपका आरशासारखा चमकतो. त्यावर बोटाच्या तेलाचा धुरकट थर असेल, एखादा हिरवट किंवा काळपट दिसेल, तर चोर सापडला. सुती कापडाच्या टोकावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या. थेंब कापडावर, लेन्सवर नाही. रांगेच्या दिशेने हलक्या हाताने दोन-तीनदा पुसा, मग कोरड्या बाजूने एकदा. बॉडीकडच्या पिना बहुधा स्प्रिंगवर असतात. लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने प्रत्येक पिन अलगद दाबून सोडा. ती उसळून वर आली पाहिजे. एखादी खालीच बसून राहिली तर तिला उपटायला जाऊ नका, तो कारागिराचा प्रांत.

खोडरबराने घासा असा सल्ला सर्रास मिळतो. मी तो मानत नाही. चुरा बॉडीत पडतो आणि सोन्याचा मुलामा झिजतो. पॉलिश पेपरचं तर नावच नको.

कॅननवर ‘एरर ०१’ आला तर लेन्स आणि कॅमेऱ्याचं बोलणं तुटलं आहे, आधी कॉन्टॅक्टच पुसा. निकॉनवर ‘एफईई’ दिसलं तर मात्र कॉन्टॅक्टचा संबंध नाही: लेन्सवरची अॅपर्चर रिंग सर्वात मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक करायची राहिली आहे.

अदलाबदल

इथवर येऊनही फोकस नसेल, तर आता खरा निवाडा. तुमची लेन्स दुसऱ्या, जुळणाऱ्या बॉडीवर लावा आणि तुमच्या बॉडीवर दुसरी लेन्स. लेन्स दोन्हीकडे गप्प, तर ती आजारी. तुमच्या बॉडीवर कुठलीच लेन्स चालत नाही, तर बॉडी. दोन्ही वेगवेगळ्या जोडीत चालतात आणि फक्त एकमेकांबरोबर अडतात, तर कॉन्टॅक्ट किंवा फर्मवेअर.

दुसरी लेन्स हाताशी नसेल आणि कॅमेरा डीएसएलआर असेल, तरी एक युक्ती आहे. व्ह्यूफाइंडरमधला फोकस आरशाच्या पेटीच्या तळाशी असलेल्या वेगळ्या सेन्सरवर चालतो, लाइव्ह व्ह्यूचा (स्क्रीनवर बघून फोटो काढतानाचा) मुख्य सेन्सरवर. लाइव्ह व्ह्यूत फोकस होतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये नाही, म्हणजे लेन्सची मोटर आणि कॉन्टॅक्ट निर्दोष सुटले. दोष बॉडीच्या फोकस सेन्सरमध्ये आहे, कधी नुसती त्यावर बसलेली धूळ. दोन्हीकडे नाही झाला, तर बोट लेन्सकडे किंवा कॉन्टॅक्टकडे.

मोटर खरंच गेली असेल तर

स्विच एमएफवर करून फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एकसारखी फिरली पाहिजे. मध्येच कचकच, वाळू अडकल्यासारखं, किंवा एका जागी घट्ट लागलं तर आत यांत्रिक अडथळा आहे. लेन्स पडली होती का, समुद्रकिनारी नेली होती का, ते आठवा.

झूम लेन्स एका फोकल लांबीवर फोकस करते आणि दुसऱ्या टोकाला मरते, तर आतली फ्लेक्स केबल, म्हणजे झूमबरोबर वाकणारी पातळ रिबन, मोडत आलेली असते. एका कारागिराने मला अशी रिबन दाखवली होती. सरळ ठेवली की अखंड, बोटाने वाकवली की पट्टीवर केसाएवढी भेग उघडायची. दुरुस्ती होते, घरी नाही. अल्ट्रासोनिक मोटरने चिरका आवाज काढायला सुरुवात केली, तर ती झिजत चालल्याची खूण समजा.

याउलट, कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली की आत काहीतरी खडखडतं म्हणून लोक घाबरतात. लिनिअर मोटरच्या लेन्समध्ये वीज नसताना फोकसचा भाग मोकळा असतो, तो आवाज त्याचा. कॅमेरा चालू केला की थांबला, तर निवांत राहा.

लेन्स खोलून बघण्याचा मोह अनेकांना होतो. स्क्रूखाली बसवलेल्या कागदाएवढ्या पातळ चकत्या हरवल्या की फोकस मिळेल पण लेन्सची एक बाजू कायमची मऊ होईल. मी एकदाच खोलली, तीही आधीच टाकून दिलेली.

फोकस होतो, पण फोटो मऊ

व्ह्यूफाइंडरमधलीच अक्षरं आणि आकडे पुसट दिसत असतील तर डायॉप्टरचं, म्हणजे व्ह्यूफाइंडर तुमच्या नजरेला जुळवणारं, चाक फिरलंय, फोकसचा काही संबंध नाही. फोटोत कुठेतरी, पुढे किंवा मागे, एखादी गोष्ट धारदार आहे का ते मोठं करून पाहा. कुठेच नसेल तर बहुधा हात हलला. शटर स्पीड वाढवा. कायम ठरावीक अंतर पुढे किंवा मागेच धार पडत असेल तर तो फ्रंट किंवा बॅक फोकस. वरच्या वर्गातल्या डीएसएलआरमध्ये त्यासाठी फाइन-ट्यूनची सोय असते. ट्रायपॉडवर, एकाच अंतरावरून, प्रत्येक वेळी फोकस आधी बिघडवून दहा-एक फोटो काढा आणि मगच आकडा बदला. एका फोटोवरून बदलला तर उद्या परत उलटा फिरवावा लागेल.

दुरुस्तीला देताना

‘फोकस होत नाही’ एवढंच सांगू नका. कुठल्या फोकल लांबीवर, किती अंतरावर, लाइव्ह व्ह्यूत होतो का, दुसऱ्या बॉडीवर काय झालं, आवाज येतो का, हे चार ओळीत लिहून लेन्सबरोबर द्या. मऊ फोटोची तक्रार असेल तर बॉडीही बरोबर न्या, कारण जुळवणी जोडीचीच करावी लागते. खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि तीच लेन्स सेकंडहँड केवढ्याला मिळते ते आधी बघून जा. किट लेन्सच्या बाबतीत दुरुस्ती क्वचितच परवडते.

तोवर लेन्स मॅन्युअलवर वापरता येईल का, हे ती कुठल्या प्रकारची आहे त्यावर आहे. रिंग थेट भिंगांना फिरवत असेल तर मिररलेसवर फोकस पीकिंग (धारदार कडा रंगवून दाखवणारी सोय) लावून खुशाल वापरा. पण एसटीएम (स्टेपिंग मोटरच्या) आणि बहुतेक मिररलेस लेन्समध्ये रिंग फक्त मोटरला इशारा देते. मोटर मेली असेल तर त्यांची रिंग कितीही फिरवा, समोरचं चित्र ढिम्म हलणार नाही.